पेठ, खण आणि सिटी सर्व्हे नंबर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पणजोबांच्या मोडी खरेदीखतात 'पेठ वेताळ, खण नऊ' आणि चतुःसीमा (चारही बाजूंना कोण-काय आहे) एवढंच आहे. सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे नगर भूमापनाचा मिळकत क्रमांक, नाही. पुण्यात ही मिळकत शोधायची कशी?

उत्तर : वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार पेठ. जुन्या खतांत अशी नावं पुष्कळ भेटतात : शिवपुरी म्हणजे रास्ता पेठ, हनुमान म्हणजे नाना पेठ, विसापूर म्हणजे शुक्रवार, मलकापूर म्हणजे रविवार. गंज पेठ आता महात्मा फुले पेठ झाली आहे. पेठ नक्की केल्याशिवाय पुढे जाऊच नका. सिटी सर्व्हेचे नंबर पेठवार आहेत, त्यामुळे एकच नंबर कसब्यातही सापडतो आणि नारायण पेठेतही. पिनकोडवर विसंबू नका. ४११०३० सदाशिव पेठेलाही चालतो, नारायण पेठेलाही.

आधी मोडी वाचकाकडून खताचं पूर्ण लिप्यंतर करून घ्या. सारांश चालणार नाही, कारण शोध लागतो तो चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांच्या नावांवरून. मग नगर भूमापन कार्यालयात त्या पेठेच्या नकाशाची शीट पाहा आणि चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. पहिल्या मोजणीच्या वेळी कोणाची वहिवाट होती आणि कोणता पुरावा दाखवला, हे तिथे सापडतं. चारांपैकी दोन शेजारी, एखादा बोळ किंवा देऊळ जुळलं की नंबर हाती आलाच म्हणून समजा. त्या नंबराची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा.

लोक फसतात ते क्षेत्रफळात. खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा, आणि तो घरागणिक लहानमोठा असतो. त्यामुळे 'नऊ खण' ठरावीक आकड्याने गुणून चौरस फूट काढू नका. पत्रिकेवर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, १ चौ.मी. म्हणजे १०.७६४ चौ. फूट. रस्तारुंदीत ओटा किंवा पडवी गेली असेल तर तोही फरक पडतो.

प्रश्न : पेशवाईत पेठेचा कारभार कोण पाहत असे?

उत्तर : शेटे आणि महाजन हे पेठेचे वतनदार. नवी पेठ वसवताना कौल (सरकारी हमीपत्र) देऊन काही वर्षं करात सूट मिळे. व्यापारी-कारागीर आणून बसवणं हे शेट्यांचं काम, आणि त्याबद्दल दुकानांवर त्यांचे हक्क असत. बंदोबस्त, बाजारभाव, किरकोळ तंटे कोतवालाकडे. घाशीराम १७७७ ते १७९१ पुण्याचा कोतवाल होता; त्याच्या बदनामीमुळे या खात्याचं रोजचं, कंटाळवाणं दप्तरी काम झाकलं गेलं.

प्रश्न : घरपट्टी माझ्या नावावर आहे. मग मिळकत पत्रिकेवर अजून आजोबा कसे?

उत्तर : घरपट्टी महापालिकेची, पत्रिका भूमी अभिलेख खात्याची. एकीकडचा बदल दुसरीकडे आपोआप होत नाही, आणि घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावाही नाही. वारस नोंदीचा अर्ज नगर भूमापन अधिकाऱ्याकडे करा. सोबत मृत्यूचा दाखला, पत्रिकेची ताजी नक्कल आणि सर्व वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. आजोबांनंतर वडीलही वारले असतील तर दोघांचे दाखले लागतील. त्यानंतर वारसांना नोटिसा निघतात आणि हरकती आल्या तर सुनावणी होते. अर्ज अडतो तो बहुधा लग्न झालेल्या मुली, आत्या यांची नावं गाळल्यामुळे. कोणी हक्क सोडणार असेल तरी आधी नाव लावा, मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा.