एकाच शाळेचे दोन अनुभव, आणि मधे आपलं मूल

“शेजारच्यांचा मुलगा गावच्या जिल्हा परिषद शाळेतून नवोदयला, म्हणजे परीक्षा घेऊन सहावीला प्रवेश देणाऱ्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, लागला. जावेचा मुलगा त्याच शाळेत चौथीत आहे, त्याला धड वाचता येत नाही. आमची मुलगी दुसरीत आहे. कुणाचं खरं मानायचं?” हा प्रश्न घेऊन एक आईवडील आमच्याकडे आले. वडिलांचं जवळजवळ ठरलं होतं: नगरपंचायतीच्या गावातली इंग्रजी शाळा, दारात व्हॅन. आईंना मुलगी गावातच हवी होती, पण पुतण्याकडे बघून त्यांचा धीर सुटत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

दोन्ही अनुभव खरे निघाले. फरक वर्षांचा होता. शेजारचा मुलगा शिकला त्या काळात दोन्ही शिक्षक तेच टिकून होते. पुतण्या दुसरीत असताना एका गुरुजींची बदली झाली आणि ती जागा सव्वा वर्ष रिकामी राहिली. पहिली ते पाचवीची शाळा, पट ४१. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात. एक पद रिकामं म्हणजे पाचही वर्ग एका बाईंकडे. त्यात निवडणुकीचं काम किंवा प्रशिक्षण आलं की तेवढे दिवस गेलेच. जोडाक्षरं आणि हातच्याची वजाबाकी पक्की व्हायचं नेमकं तेच वय असतं.

म्हणून “शाळा कशी आहे?” असं गावात विचारत फिरू नये. तीन गोष्टी विचाराव्यात: यंदा मंजूर पदं किती आणि भरलेली किती, आपल्या मुलाच्या वर्गाला कोण शिकवतं आणि त्यांना इथे किती वर्षं झाली, एका खोलीत किती इयत्ता बसतात. हे शाळा व्यवस्थापन समितीतल्या कुणाही पालकाला माहीत असतं.

त्याआधी मुलगी कुठे आहे ते बघायला हवं होतं. आई म्हणाल्या, “ती पुस्तक घडाघडा वाचते.” इथेच बहुतेक घरं फसतात. वर्गात सगळ्यांनी मिळून म्हटलेला धडा मुलांना पाठ झालेला असतो. शब्दावर बोट ठेवून उलट क्रमाने विचारलं की कळतं. तिला न पाहिलेला सोपा परिच्छेद दिला आणि एक मिनिट घड्याळ लावलं. १८ शब्द झाले. साधे शब्द नीट वाचले, पण ‘प्रश्न’, ‘सूर्य’, ‘कृष्ण’ आले की थांबत होती. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तेही समजून, अशी अपेक्षा आहे. ५२ मधून २७ वजा करताना तिने ३५ लिहिले. एककात मोठ्यातून लहान आकडा काढून टाकला, दशक सुटा केलाच नाही. ‘त्रेपन्न’ म्हटल्यावर ३५ लिहिला. ही चूक मराठीत फार मुलांची होते, कारण आपण तीन आधी म्हणतो आणि पन्नास नंतर. तिथे मुलीवर चिडण्यात काहीच अर्थ नाही. ‘पन्नास आणि तीन’ असं म्हणत दहा-दहा काड्यांच्या जुड्या मांडल्या की महिन्याभरात बसतं.

वडिलांना एक नियम दाखवला, तो त्यांनी ऐकलेला नव्हता. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. यात शहरी शाळेत काढलेलं एक वर्षही मुलाला या जागांबाहेर नेतं. नवोदयचं स्वप्न बाळगून तिसरीलाच नगरपंचायत हद्दीतल्या, म्हणजे शहरी गणल्या जाणाऱ्या, शाळेत घालायचं, ही गल्लत दरवर्षी कुणीतरी करतं. इंग्रजी शाळा वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. पण १८ शब्दांवर अडलेलं मूल नव्या भाषेत नेलं तर तेच अडणं तिथेही राहतं, आणि घरी इंग्रजी बघणारं कुणी नसेल तर ते उशिरा लक्षात येतं.

मग आई बाईंना भेटायला गेल्या. परिपाठाच्या वेळी किंवा फाटकात उभ्या-उभ्या भेटू नका, शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मागा आणि वही बरोबर न्या, असं सुचवलं होतं. वाक्यही ठरवून दिलं: “ही जोडाक्षरांना अडते. तुम्ही वर्गात काय घेता, घरी आम्ही काय घेऊ?” बाईंनी रोज पाच जोडाक्षरी शब्द लिहून द्यायचं कबूल केलं. घरी पंधरा मिनिटं वाचन, रविवारी नवा परिच्छेद आणि घड्याळ.

यंदा दुसरं पद पुन्हा रिकामं होतं. वडील एकटे जाऊन तोंडी तक्रार करणार होते. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही, आणि ती बाईंविरुद्ध आहे असा समज होतो. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सभेत ठराव करा, त्यात पट, मंजूर पदं आणि जागा रिकामी झाल्याची तारीख लिहा, तो गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, प्रत केंद्रप्रमुखांना, आणि पोच घ्या. पद भरलं गेलं नाही, पण शेजारच्या शाळेतले एक गुरुजी आठवड्यातून तीन दिवस कामगिरीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर, येऊ लागले.

दिवाळीनंतर मुलगी ३७ शब्दांवर होती. वडिलांनी इंग्रजी शाळेचा अर्ज आणून ठेवला आहे. तो भरायचा का, हे ते मार्चमध्ये ठरवणार आहेत.

या भेटीला जाऊबाईही मुलाला घेऊन आल्या होत्या. चौथीतला मुलगा जोडाक्षरांपर्यंत पोचलेलाच नव्हता, ‘कि’ आणि ‘की’, ‘कु’ आणि ‘के’ यांतच गोंधळत होता. त्याला चौथीचं पुस्तक बाजूला ठेवून दोन अक्षरी शब्दांपासून सुरुवात करून दिली, रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं. सहावीला हायस्कूलला जाईपर्यंत त्याच्या हातात सव्वा वर्षाहून जास्त वेळ आहे.