चर्चच्या भूमिका पटत नसतील, तर कॅथलिक लोक चर्च सोडून का जात नाहीत?

आपला प्रश्न असा आहे की, स्त्रियांचे स्थान, जातिभेद किंवा समलिंगी व्यक्तींविषयीची भूमिका ज्या कॅथलिकांना मान्य नाही, ते चर्चमधून बाहेर का पडत नाहीत, आणि सर्व काही पोपच ठरवत असताना आत राहून मागण्या करण्यात काय अर्थ आहे. मी वसईचा प्रापंचिक कॅथलिक आहे, म्हणजे धर्मगुरू नव्हे, आणि आमच्या धर्मग्रामाच्या (एका चर्चभोवतीच्या स्थानिक श्रद्धावंत समुदायाच्या) मंडळावर काही काळ काम केले आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे.

चर्च ही धर्मगुरूंची मालमत्ता आणि आम्ही तिचे ग्राहक, अशी समजूत असेल, तर सोडून जाणे हाच सरळ मार्ग ठरतो. परंतु 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या (धर्मप्रांतांच्या प्रमुखांच्या) सभेने, चर्चला ‘देवाची प्रजा’ म्हटले आणि बाप्तिस्म्यामुळे मिळणारी प्रतिष्ठा सर्वांची सारखीच आहे, हे स्पष्ट केले. त्याच परिषदेमुळे लॅटिनऐवजी लोकभाषांची वाट मोकळी झाली आणि आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, मराठीत होऊ लागली. 1983 च्या धर्मसंहितेतील, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या संहितेतील, 212 वे कलम तर असे सांगते की, आपल्या ज्ञानानुसार व योग्यतेनुसार चर्चच्या हिताविषयीचे मत धर्माधिकाऱ्यांना कळवणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि काही वेळा ते त्यांचे कर्तव्यही आहे. त्यामुळे मागणी करणाऱ्याला बंडखोर ठरवणे चर्चच्याच कायद्याला धरून नाही.

खरी अडचण त्यापुढे सुरू होते. त्याच संहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक आहे, आणि बिशपांनी ठरवल्यास धर्मग्राम परिषदही असते. मात्र दोन्हींचे काम सल्ला देण्याचे आहे, निर्णय धर्मगुरूंचाच असतो. आमच्या बैठकांत सणाचा मंडप, दफनभूमीची डागडुजी आणि धर्मशिक्षणाचे वर्ग हे विषय तासभर चालत, आणि दानपेटीत किती जमले, असे कोणी विचारले की सगळे एकदम गप्प होत. वास्तविक लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना देण्याची सूचना 1287 व्या कलमात आहे. एका वर्षी तो हिशेब अखेर फलकावर लावला गेला, तेव्हा रविवारच्या मिस्सेनंतर वृद्ध स्त्रिया चष्मा सावरत वीजबिलाच्या आकड्यापासून वाचत उभ्या राहिल्या आणि त्यांनी धर्मगुरूंना नेमके प्रश्न विचारले. सुधारणेची सुरुवात मला अशा ठिकाणी अधिक दिसते.

मोठ्या प्रमाणावरील उदाहरण हवे असेल, तर 1995 सालचे ऑस्ट्रिया पाहावे. व्हिएन्नाचे कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी) ग्रोअर यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाल्यानंतर सामान्य कॅथलिकांनी एक जाहीर याचिका काढली, तिच्यावर पाच लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि त्यातून ‘आम्ही चर्च आहोत’ ही चळवळ उभी राहिली. स्त्रियांना समान स्थान आणि धर्मगुरूंना ब्रह्मचर्याबाबत निवड करण्याची मोकळीक या तिच्या प्रमुख मागण्यांत होत्या. यांपैकी मोठ्या मागण्या आजही मान्य झालेल्या नाहीत. तरीही त्या सह्या वाया गेल्या असे मी मानत नाही, कारण चर्चमध्ये पुष्कळदा प्रथा आधी बदलते आणि नियम तिच्या मागून येतो. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, पाय धुण्याचा विधी नियमाने पुरुषांपुरता होता. अनेक ठिकाणी स्त्रियांनाही बसवले जात असे, 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्वतः रोमच्या बालसुधारगृहात दोन मुलींचे पाय धुतले, आणि नियमात बदल झाला तो 2016 मध्ये. वेदीवरील वाचक व सेवक ही पदे 2021 मध्ये स्त्रियांसाठी रीतसर खुली झाली, आणि 2023 च्या सिनडमध्ये, म्हणजे पोपला सल्ला देणाऱ्या बिशपांच्या सभेत, स्त्रियांनी प्रथमच मतदान केले.

स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याच्या, म्हणजे धर्मगुरू करण्याच्या, मागणीपुढे 1994 सालचे पोप दुसरे जॉन पॉल यांचे स्पष्ट नकाराचे पत्र आहे. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्यास 2023 च्या डिसेंबरमध्ये मर्यादित परवानगी मिळाली, तीही विवाहाची शिकवण न बदलता. या वाटा लांब आहेत, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

मात्र जातीच्या बाबतीत आमच्याकडे अशी कोणतीही सबब नाही, आणि म्हणूनच मला तो प्रश्न सर्वांत जास्त जिव्हारी लागतो. भारतातील कॅथलिकांमध्ये दलितांचे प्रमाण फार मोठे असूनही हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले ते 2022 मध्ये. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलित आणि इतर ख्रिस्ती मृतांच्या मध्ये भिंत घातली गेली, आणि ती अनेक दशके टिकली. ज्यांनी एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेतला, त्यांना मातीतही वेगळे ठेवण्याचा आदेश कोणत्याही पोपने दिला नव्हता. ते काम तिथल्या श्रद्धावंतांनी केले आणि धर्माधिकाऱ्यांनी ते चालू दिले. 2016 मध्ये भारतीय बिशपांनी दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. त्याची अंमलबजावणी रोमच्या परवानगीवाचून प्रत्येक धर्मग्रामात करता येते, आणि आपल्या धर्मग्रामात त्याचे काय झाले, हे बैठकीत उठून विचारण्यासाठी मला आत असणे आवश्यक वाटते.