लेडीबगची प्रश्नोत्तरं: ती काटेरी अळी चिरडायच्या आधी हे वाचा

झाडांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, वाढायला लागला की माझा इनबॉक्स लेडीबगने, म्हणजे तो मावा खाणाऱ्या ठिपक्यांच्या लाल भुंग्याने भरतो. प्रश्न दरवर्षी तेच, ठिपके किती, वय किती, चावतो का, आणि मधूनच एखाद्या चिरडलेल्या अळीचा फोटो, खाली लिहिलेलं असतं "हे काय होतं?" त्यातला "होतं" वाचला की मी समजतो, उशीर झालेला आहे. एकेकाला वेगळं उत्तर देऊन थकलो, म्हणून सगळी इथेच एकदम.

जितके ठिपके तितकी वर्षं वय, असं लहानपणापासून ऐकतोय. खरं आहे का?

नाही. ठिपके जातीवरून ठरतात, सात ठिपक्यांचा ठिपके उमटल्यापासून सातचाच असतो आणि मरतानाही सातचाच.

"लेडी" म्हणजे या सगळ्या माद्याच असतात का?

नाही हो, नर असल्याशिवाय अंडी कशी फळतील. नावातली लेडी म्हणजे येशूची आई मेरी, युरोपातल्या लोकांनी तिच्यावरून नाव ठेवलंय. नर-मादी नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड, मादी बहुतेक वेळा थोडी मोठी असते एवढंच. खात्रीच हवी असेल तर कीटकतज्ज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली बघू द्या.

दोन लेडीबग तासभर एकमेकांवर बसलेत. अडकलेत का, सोडवू का?

सोडवू नका. मिलन चालू आहे, आणि ते कित्येक तास चालू शकतं. मादी नराचं बीज शरीरातल्या एका छोट्या पिशवीत साठवून ठेवते, त्यामुळे एका मिलनानंतर बरेच दिवस अंडी घालत राहते. अंडी साधारण एक मिलिमीटर लांब, पिवळी किंवा नारिंगी, पानाच्या मागे उभी रचलेली, एका पुंजक्यात दहापासून पन्नासपर्यंत, आणि जागा शक्यतो मावा आहे तिथली. अशी शेकडो अंडी एक मादी आयुष्यात घालते, काही जातींत हजाराच्या वर. उबदार हवेत तीन ते पाच दिवसांत फुटतात, त्याआधी करडी पडतात. हा पुंजका ओल्या फडक्याने पुसून "कीड साफ केली" म्हणून सांगणारेही भेटलेत मला!

फक्त वांगं किंवा बटाट्याची पानं चाळणीसारखी झाली असतील तर थांबा. अठ्ठावीस ठिपक्यांचा एक भाऊबंद पानंच खातो आणि त्याचीही अंडी पिवळीच असतात. तिथे फोटो काढून जाणकाराला दाखवा, अंदाजाने ठरवू नका.

बरणीत अंडी ठेवली होती. पहिली पिल्लं निघाली आणि त्यांनी उरलेली अंडी खाल्ली. माझं काय चुकलं?

काही नाही, घरचाच कार्यक्रम आहे तो. अंड्यातून निघालेली अळी मऊ आणि भुकेली असते, शेजारचं न फुटलेलं अंडं म्हणजे पहिला डबा. दोन ठिपक्यांच्या जातीत तर आणखी विचित्र प्रकार आहे, काही माद्यांच्या अंगात असे जिवाणू असतात की नर गर्भ अंड्यातच मरतात आणि बहिणी ती अंडी खाऊन तगतात. पिल्लं मोठी झाल्यावरही मावा कमी पडला तर एकमेकांना खातात, तेव्हा एका बरणीत गर्दी करू नका.

गुलाबावर काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या आल्यात, मगरीसारख्या दिसतात. कडुनिंबाचं तेल मारलं, ऑरगॅनिकच आहे ना?

हाच तो प्रश्न. बसा आता.

ती अळी लेडीबगचंच पिल्लू आहे. गोंडस लाल गोळी सगळ्यांना ओळखता येते, तिचं पोर कुणालाच नाही, आणि मावा खाण्याचं काम मुख्यतः हेच पोर करतं. दोन ते चार आठवडे अळी असते, कोषात जाईपर्यंत चार वेळा कात टाकते, आणि शेवटच्या टप्प्यात खा-खा सुटते, एकटीच शेकडो मावा फस्त करते. आता कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन नेमकी ही कात टाकायची क्रियाच बिघडवतं. ते मावा आणि अळी असा भेद करत नाही, साबणाचं पाणीही करत नाही, मऊ अंगावर पडलं की संपलं. बाटलीवर हिरवं पान छापलंय म्हणून आतलं द्रव्य मवाळ होत नाही, ती विकणाऱ्याची युक्ती आहे.

त्यात आणखी हिशोब बघा. मावा मिलनाशिवाय थेट जिवंत पिल्लं देतो, फवारणीतून चार वाचले तरी आठवड्याभरात झाड पुन्हा भरतं. लेडीबगला अंड्यापासून भुंग्यापर्यंत उबदार हवेतही तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे मावा परत येतो आणि त्याला खाणारं कुणी नसतं, मग तुम्ही पुन्हा बाटली उचलता आणि मला लिहिता की "लेडीबग काही कामाचे नाहीत". शिवाय हे पाहुणे मावा वाढल्यावरच येतात, आधी नाही, त्यामुळे तुमचा धीर सुटतो तो नेमका अंडी घातलेल्या आठवड्यात.

पिठ्या ढेकणावर, म्हणजे पांढऱ्या पिठूळ अंगाच्या रसशोषक किडीवर, तर आणखी फसगत होते. क्रिप्टोलेमस हा हेच ढेकूण खाणारा लेडीबग, पण त्याच्या अळीच्या अंगावर पांढरे मेणाचे धागे असतात, ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. लोक मित्राला पकडून चिरडतात आणि शत्रू शेजारी बसून बघतो. ओळखायची खूण, भिंगातून बघा, अळी पिठ्या ढेकणापेक्षा मोठी आणि भरभर चालणारी असते. तरी शंका असेल तर फवारणी थांबवून कीटकतज्ज्ञाला विचारा. आजच विचारा, दोन आठवड्यांनी नको, तोवर अळीचा कोष झालेला असतो.

पानाला चिकटलेली नारिंगी गाठ आहे, हात लावला की उठून बसल्यासारखी झटका देते.

कोष आहे, जिवंत आहे, हात लावू नका. तो झटका माश्या-बिश्यांना हाकलायला असतो. चार-पाच दिवसांत, थंडीत जास्त दिवसांनी, पाठ फाटते आणि जो बाहेर येतो तो बघून दरवेळी कुणीतरी मला "आजारी आहे का" विचारतं, कारण तो फिकट पिवळा असतो, ओला, आणि अंगावर एकही ठिपका नाही. मी एकदा पान समोर ठेवून बसलो होतो. आधी मागचे पातळ पंख बाहेर लोंबत सुकले, मग पाठीवर धुरकट डाग उमटले, ते गडद होत गेले, माझा चहा गार झाला. पिवळ्याचा पक्का लाल व्हायला पुढे बरेच दिवस जातात.

पाकीटबंद लेडीबग मागवून बागेत सोडले, दोन दिवसांत एकही उरला नाही.

उडाले. त्या पाकिटांमधले कित्येक किडे थंडीत डोंगरात एकत्र झोपलेले असताना गोळा केलेले असतात, जाग आली की त्यांच्या अंगात लांब उडायचीच खुमखुमी असते. विकणारा हे सांगत नाही. खरंच गरज असेल तर आधी तज्ज्ञाशी बोला, आणि पिंजऱ्यात वाढवलेल्या अळ्यांबद्दल विचारा, अळीला पंख नसतात.

लेडीबग कापसासारख्या गोळ्यावर बसून थरथरतोय. अंडं उबवतोय का?

नाही, कुठलाच लेडीबग अंडी उबवत नाही. एका बारीक गांधीलमाशीने त्याच्या पोटात अंडं घातलं होतं, तिची अळी आतून वाढून बाहेर पडली आणि त्याच्या पायांमध्ये कोष विणून बसली, हा बिचारा आता तिचा पहारेकरी झालाय. थोडे यातून वाचतातही. तुम्ही ओढून सोडवायला गेलात तर पाय तुटतील.

मुलाच्या हातावर पिवळा थेंब सोडला, वास घाण येतो. विषारी आहे का?

ते त्याचं रक्तच आहे, घाबरला की गुडघ्यांतून सोडतो, कडू असतं म्हणून पक्षी थुंकून टाकतात. साबणाने हात धुवा. पुरळ आलं किंवा मुलाने गिळला असेल तर डॉक्टरांकडे जा, मला मेसेज टाइप करत बसू नका.