वाचकांचे प्रश्न : ॲडम्स घराण्याचे पद, वावर आणि कापूस

गेल्या अंकात अमेरिकेच्या आरंभीच्या अध्यक्षांवर जे टिपण आले होते, त्यात जॉन ॲडम्स आणि त्यांचे चिरंजीव जॉन क्विन्सी ॲडम्स या पिता-पुत्रांचा उल्लेख एका वाक्यात आटोपला होता. त्यावर विदर्भातल्या खेड्यांतून आलेली तीन पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : बाप अध्यक्ष आणि मुलगाही अध्यक्ष. आमच्या गावात सरपंचपद दोन पिढ्या एकाच वाड्यात आहे. वर्गातली मुले विचारतात, की राजाला हाकलून देणाऱ्या अमेरिकेतही शेवटी घराणेशाहीच आली का? त्यांना काय सांगावे?
— एक शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मुलांना आधी हे सांगावे, की या घराण्याची सुरुवात वाड्यात झालेली नाही. मूळ पुरुष हेन्री ॲडम्स १६३८च्या सुमारास इंग्लंडमधून मॅसॅच्युसेट्समध्ये आला आणि ब्रेनट्री या गावी त्याने शेती केली. पुढच्या पिढ्याही तेथेच राबल्या. अध्यक्ष झालेल्या जॉन यांचे वडील शेती करत आणि जोडीला जोडे शिवत. ते चर्चचे डीकन, म्हणजे चर्चच्या कारभारात मदत करणारे सेवक, होते आणि गावसभेने निवडलेल्या कारभाऱ्यांतही होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे म्हणून त्यांनी त्याला हार्वर्डला घातले. जॉन १७५५मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले, काही काळ शाळामास्तर झाले आणि मग वकिलीकडे वळले. १७७०मध्ये बोस्टनच्या रस्त्यात इंग्रज सैनिकांच्या गोळीबारात पाच माणसे मेली, तेव्हा सारे शहर खवळलेले असताना त्या सैनिकांचे वकीलपत्र याच तरुणाने घेतले. कप्तान सुटला, आठ सैनिकांपैकी सहा निर्दोष ठरले आणि दोघांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. लोकांचा रोष पत्करूनही न्यायाचे काम करायचे, हे वळण या घरात तेव्हापासून दिसते आणि माझ्या मते घराण्याची खरी ओळख तीच आहे.

आता मुलाकडे येऊ. जॉन क्विन्सी यांना नावाचा फायदा झाला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. ते दहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर युरोपात गेले आणि चौदाव्या वर्षी अमेरिकी राजदूताबरोबर रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला पोहोचले. १७९४मध्ये अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी त्यांना नेदरलँड्समध्ये राजदूत नेमले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम सव्वीस होते आणि वडील उपाध्यक्ष होते. अशी संधी ब्रेनट्रीतल्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला मिळाली नसती, हे मुलांपासून लपवू नये.

पण पुढचा भागही तितकाच सांगावा. सिनेटर असताना त्यांनी देशहिताचे वाटले म्हणून विरोधी पक्षाचे अध्यक्ष जेफरसन यांनी परदेशी व्यापारावर घातलेल्या बंदीला पाठिंबा दिला. हे तेच जेफरसन, ज्यांनी १८००च्या निवडणुकीत त्यांच्या वडिलांना हरवले होते. वडिलांच्या पक्षाने त्यांना दूर सारले आणि १८०८मध्ये त्यांनी जागा सोडली. १८२४च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांना सर्वाधिक मते मिळाली, परंतु बहुमत कोणालाच नव्हते. तेव्हा निर्णय प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे, गेला आणि २४पैकी १३ राज्यांनी जॉन क्विन्सी यांना कौल दिला. ज्या हेन्री क्ले यांनी मदत केली, त्यांनाच परराष्ट्रमंत्रिपद मिळाल्याने सौदेबाजीचा आरोप झाला आणि तो चार वर्षे पुसला गेला नाही. पहिल्या सात अध्यक्षांत एकाच कारकिर्दीनंतर लोकांनी घरी पाठवले ते दोघेच, आणि ते दोघेही ॲडम्स. मतदारांनी या नावापुढे मान तुकवली नव्हती, याला यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

मला या माणसाचा सर्वांत मोठा काळ अध्यक्षपदानंतरचा वाटतो. माजी अध्यक्ष असूनही त्यांनी साध्या प्रतिनिधीची जागा लढवली आणि १८३१पासून मृत्यूपर्यंत सतरा वर्षे ते प्रतिनिधिगृहात बसले. गुलामगिरीविरुद्धचे अर्ज सभागृहात चर्चेलाच घ्यायचे नाहीत, असा ठराव १८३६मध्ये झाला होता. वृद्ध ॲडम्स दर अधिवेशनात तेच अर्ज घेऊन उभे राहत. सदस्य ओरडत, त्यांच्यावर ठपक्याचा ठराव आणत, आणि ते पुन्हा उभे राहत. १८४४मध्ये तो नियम रद्द झाला. त्याआधी १८४१मध्ये ‘अमिस्ताद’ जहाजावर बंड केलेल्या आफ्रिकी कैद्यांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली होती आणि कैदी मुक्त झाले होते. २१ फेब्रुवारी १८४८ रोजी ते सभागृहातच कोसळले आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत वारले.

या वळणाची किंमत घरातल्या मुलांनी मोजली, हेही सांगायला हवे. देशाच्या शिखरावर पोहोचला नाहीस तर तो तुझ्याच आळसाचा दोष, अशा अर्थाचे पत्र जॉन यांनी जॉन क्विन्सी यांना लिहिले होते. आई अबिगेल यांनी तर त्याच मुलाला लहानपणी लिहिले, की तू दुर्वर्तनी निघण्यापेक्षा समुद्रात बुडालेला बरा. एक मुलगा या ओझ्याखाली ताठ उभा राहिला. दुसरा, चार्ल्स, दारूपायी १८००मध्ये मेला, तेही वडील अध्यक्ष असताना. पुढच्या पिढीत जॉर्ज वॉशिंग्टन ॲडम्स १८२९मध्ये जहाजावरून नाहीसा होऊन बुडाला, आणि त्याचा भाऊ जॉन १८३४मध्ये गेला. तीन भावांत एक चार्ल्स फ्रान्सिस तेवढा उरला.

प्रश्न : माझे पती कामानिमित्त वर्षातले बरेच महिने बाहेर असतात, वावर मीच पाहते. जॉन ॲडम्स यांच्या पत्नीनेही शेती सांभाळली असे वाचले. अबिगेलबाई नेमके काय करत होत्या, आणि जमीन त्यांच्या नावावर होती का?
— एक शेतकरी महिला, मंगरूळपीर तालुका, जि. वाशीम

उत्तर : ताई, नावावर काहीच नव्हते. त्या काळच्या इंग्रजी वळणाच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची समजली जाई. अबिगेलबाई वेमथच्या धर्मोपदेशकाची मुलगी. शाळेत कधी गेल्या नाहीत, वडिलांच्या पुस्तकांतून शिकल्या आणि १७६४मध्ये जॉन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. १७७४पासून जॉन आधी वसाहतींच्या प्रतिनिधिसभेसाठी फिलाडेल्फियात आणि मग युरोपात असल्याने दहा वर्षांतला बहुतेक काळ घर, चार मुले, गडी, कर आणि शेत हे सारे त्यांच्या एकटीच्या अंगावर होते. तरणी माणसे सैन्यात गेल्याने मजूर मिळेनात आणि मिळाले तर मजुरी परवडेना. अखेर १७७८मध्ये त्यांनी जमीन निम्म्या वाट्याने, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बटईने, लावून दिली. नवऱ्याला राजकारणात जेवढे नाव आहे तेवढे मला शेतीत मिळावे, अशी इच्छा त्यांनी १७७६च्या एका पत्रात लिहून ठेवली आहे.

महागाईचा हिशेब तर त्या काटेकोर लिहीत. १७७५मध्ये त्यांनी जॉन यांच्याकडे टाचण्यांचा एक गठ्ठा मागितला, कारण इंग्लंडचा माल बंद झाल्याने साडेसात शिलिंगांच्या टाचण्या वीस शिलिंगांवर गेल्या होत्या आणि त्या भावानेही मिळत नव्हत्या. पुढे जॉन फ्रान्सला गेल्यावर त्यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला : तिकडून रुमाल, फिती, चहा असा हलका माल मागवायचा, थोडा घरी ठेवायचा आणि बाकीचा विकून घरखर्च चालवायचा.

जॉन यांना पैसा हाती आला की जमीन घ्यावीशी वाटे. अबिगेलबाईंचे मत निराळे होते. युद्धात सरकारने काढलेले कर्जरोखे पडत्या भावात मिळत होते, ते घ्यावेत असा त्यांचा आग्रह होता आणि त्यांनी ते घेतलेही. १७९०मध्ये संघ सरकारने जुन्या कर्जाची जबाबदारी स्वीकारली, तेव्हा हा निर्णय फळाला आला. संस्थापकांपैकी अनेकांची घराणी कर्जात बुडाली, ॲडम्स बुडाले नाहीत, आणि त्याचे बरेचसे श्रेय या बाईंच्या हिशेबाला जाते.

नवे कायदे करताना स्त्रियांचा विचार करा, नवऱ्यांच्या हाती अनिर्बंध सत्ता देऊ नका, हे त्यांनी ३१ मार्च १७७६च्या पत्रात जॉन यांना बजावले होते. जॉन यांनी उत्तरात ते हसण्यावारी नेले, आणि एवढ्या विचारी माणसाचे ते उत्तर वाचून आजही वाईट वाटते. मात्र अबिगेलबाईंनी १८१६मध्ये, कायद्याने स्वतःचे काही नसताना, स्वतःचे मृत्युपत्र लिहिले आणि आपला पैसा, कपडे व दागिने मुख्यतः नात्यातल्या स्त्रियांना वाटून दिले. १८१८मध्ये त्या वारल्यावर जॉन यांनी ते मृत्युपत्र पाळले.

हे तपशील आपल्यापर्यंत आले ते पती-पत्नींची अकराशेहून अधिक पत्रे जपली गेली म्हणून. जॉन क्विन्सी यांनी बाराव्या वर्षी सुरू केलेली रोजनिशी अडुसष्ट वर्षे चालली, आणि त्यांच्या ग्रंथांसाठी चार्ल्स फ्रान्सिस यांनी १८७०मध्ये घराशेजारी आगीपासून सुरक्षित अशी दगडी इमारत बांधली.

प्रश्न : अमेरिकेत लढाई झाली तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, असे आमचे म्हातारे सांगत. या घराण्यातले कोणी त्या भानगडीत होते का?
— एक कास्तकार, खामगाव तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : होते, आणि मोक्याच्या जागी होते. वर सांगितलेले चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स १८६१ ते १८६८ या काळात लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते, आणि त्यांचा मुलगा हेन्री, जो पुढे नामवंत इतिहासकार झाला, त्यांचा खासगी चिटणीस होता. अध्यक्ष लिंकन यांच्या आरमाराने फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांची बंदरे रोखल्यामुळे इंग्लंडमधील लँकशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता. इंग्लंडने ही नाकेबंदी मोडावी असा दक्षिणेचा प्रयत्न होता, आणि तसे होऊ न देणे हे ॲडम्स यांचे काम होते. इंग्लंडमध्ये बांधलेले ‘अलाबामा’ हे लढाऊ जहाज १८६२मध्ये दक्षिणेच्या हाती गेले, ते त्यांना थांबवता आले नाही. १८६३मध्ये मात्र आणखी दोन चिलखती जहाजे तयार होत असताना, ती सोडली तर ते युद्धच ठरेल, असे त्यांनी परराष्ट्रमंत्री रसेल यांना लेखी कळवले. इंग्रज सरकारने त्याच सुमारास जहाजे अडवली. ‘अलाबामा’ने केलेल्या नुकसानीपोटी जिनेव्हाच्या लवादाने १८७२मध्ये इंग्लंडला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले, त्या लवादातही ते होते.

इंग्लंड तटस्थ राहिले आणि नाकेबंदी टिकली, म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्यांची मागणी खामगाव-अमरावतीच्या बाजारांपर्यंत पोहोचली आणि भाव चढत राहिले. १८६५च्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या मुख्य सेनेने शरणागती पत्करली, त्याबरोबर भाव कोसळले आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली ती १८६७मध्ये, म्हणजे तुमच्या वाडवडिलांनी तेजीतला बराच कापूस बैलगाड्यांनीच हलवला.