लायसन्सचे पैसे वसूल होतात का? गळ टाकणाऱ्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर, मी दरवर्षी न चुकता मासेमारीचं लायसन्स काढतो. आजवर कुणी येऊन ते तपासलं नाही, पाण्यात कुणी मासे सोडताना दिसलं नाही, आणि ज्या तलावावर बसतो तिथल्या क्लबला वेगळे पैसे द्यावे लागतात ते वेगळेच. मग हे लायसन्सचे पैसे नक्की जातात कुठे? पुढच्या वर्षी काढू की सोडून देऊ?

उत्तर: काढा. पण तुम्ही विचारलंय ते बरोबर आहे आणि ते विचारायचं सोडू नका.

आधी एक गोंधळ मिटवू, कारण निम्मी नाराजी तिथूनच येते. लायसन्स आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडचं घ्या, तिथे १३ वर्षांपासून पुढे रॉड लायसन्स (गळाच्या काठीने मासे धरायचं लायसन्स) लागतं, ते एन्व्हायर्नमेंट एजन्सी ही सरकारी पर्यावरण संस्था देते (१३ ते १६ वयाच्या मुलांना २०१७ पासून फुकट), पण ते खिशात असलं म्हणून कुठल्याही पाण्यावर बसता येत नाही, त्या पाण्याचा मालक किंवा क्लब असेल त्याचं तिकीट वेगळं घ्यावंच लागतं. क्लबचे पैसे त्या एका तलावाचे, म्हणजे काठ, पायवाट, तिथे सोडलेले मासे. लायसन्सचे पैसे सगळ्या नद्या-तलावांतल्या माशांसाठी. म्हणून ते तुमच्या काठावर दिसत नाहीत.

आता ते काम असतं कसं ते सांगतो. नदीत किती मासे आहेत हे गळाला किती लागले यावरून कधीच कळत नाही. त्यासाठी माणसं वेडर (छातीपर्यंत येणारा, पाणी न शिरणारा पोशाख) घालून पाण्यात उतरतात, एकाच्या हातात लांब दांडा, टोकाला धातूचं कडं, त्यातून मोजून-मापून वीज सोडतात, मासे त्या कड्याकडे ओढले जातात आणि काही सेकंद सुन्न होतात तेवढ्यात बाजूचा माणूस जाळीत घेतो. मग टबात, मग मोजपट्टीवर, अंगावरचा एखादा खवला काढून पाकिटात आणि मासा परत पाण्यात. तो खवला मायक्रोस्कोपखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, थंडीत वाढ मंदावते तिथे रेघा दाटीने येतात आणि उन्हाळ्यातल्या मोकळ्या असतात, त्यावरून वय निघतं. समजा मोठे मासे भरपूर मिळाले पण लहान वयाचे सलग दोन-तीन वर्षांचे मिळालेच नाहीत, तर कळतं की अंडी घालायच्या जागेवर काहीतरी बिघडलंय, गाळ बसलाय किंवा वाट अडलीय. काठावर बसलेल्याला त्या वर्षी मासे मस्त लागत असतात, त्याला वाटतं सगळं छान चाललंय, आणि फटका बसतो तो नंतर. हे आधी कळणं यालाच मी तुमच्या पैशाची सगळ्यात मोठी वसुली म्हणेन.

दुसरं काम उन्हाळ्यातल्या पहाटेचं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात शेवाळ आणि पाणवनस्पती रात्रभर ऑक्सिजन खातात, त्यामुळे उजाडायच्या सुमाराला तो सगळ्यात खाली गेलेला असतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून धापा टाकत असतात. अशा वेळी ऑक्सिजन मोजायचं मीटर आणि एरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) घेऊन कुणीतरी तिथे पोचावं लागतं, कधी कधी पाण्यात मापात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, त्यातून ऑक्सिजन मिळतो. हे सगळं तयार ठेवायला पगारी माणसं लागतात, गाडी लागते, आणि कुठला तलाव कधी धोक्यात येतो याची जुनी माहिती लागते.

पण "काम होतं" एवढ्यावर समाधान मानू नका. खरी परीक्षा ही की लायसन्सचा पैसा माशांकडेच जाईल असं कायद्यात बांधून ठेवलंय का, की तो सरकारी तिजोरीत मिसळतो. अमेरिकेत १९५० चा डिंगेल-जॉन्सन कायदा आहे, त्यात रॉड, रीळ, गळ, आमिषं यांवर बनवणाऱ्याकडूनच १० टक्के कर घेतला जातो (काही वस्तूंना कमी), १९८४ मध्ये त्यात मोटरबोटीच्या इंधनावरचा कर पण आणला, आणि हा पैसा राज्यांना वाटला जातो. अट एकच पण कडक आहे, राज्याने लायसन्सचा पैसा मासे आणि वन्यजीव खात्याबाहेर वळवला तर हा केंद्राचा निधी बंद. वाटपात ६० टक्के भाग राज्यात पैसे भरून लायसन्स काढलेले किती लोक आहेत यावर ठरतो आणि ४० टक्के भाग क्षेत्रफळावर. शिवाय मंजूर कामाच्या खर्चाचे ७५ टक्क्यांपर्यंत परत मिळतात, म्हणजे राज्याने लायसन्सच्या पैशातला एक डॉलर घातला तर केंद्राकडून तीनपर्यंत येऊ शकतात. आता सांगा, तिथे कुणी "कोण बघतंय" म्हणून लायसन्स काढलं नाही तर नुकसान फक्त त्या फीचं होतं का?

न्यूझीलंड तर याच्याही पुढे गेलंय. तिथे ट्राउट आणि सॅमन या थंड पाण्यातल्या माशांचं काम १९९० पासून फिश अँड गेम कौन्सिलं बघतात (टाऊपो तलावाचा भाग सोडून, तो संवर्धन खात्याकडे आहे), त्यांचा खर्च चालतो लायसन्सवर, आणि कौन्सिलवर कोण बसणार हे लायसन्सवाले मतदान करून ठरवतात. पैसे देणाऱ्याच्या हातात मत! मला ही पद्धत सगळ्यात आवडते, जिथे ती नाही तिथे निदान वर्षाचा खर्चाचा हिशोब तरी मागून घ्या, आणि त्यात लायसन्स नसलेल्यांना पकडण्यावरच जास्त गेलं असेल आणि पाण्यावर थोडं, तर तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

प्रश्न: दादा, सरळ हिशोब आहे ना, जितकी फी घेता तितके मासे सोडा. आमच्याकडे पूर्वी खूप बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडायचे, आता कमी केली. ही फसवणूक नाही का?

उत्तर: नाही, उलट बऱ्याचदा ही सुधारणा असते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याचं उदाहरण बघा. तिथे मॅडिसन नदीवर अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की हॅचरीतले (मासे पैदा करायच्या केंद्रातले) ट्राउट सोडले की नदीत जन्मलेले जंगली ट्राउट कमी होतात आणि सोडणं थांबवलं की वाढतात. सोडलेले मासे टाक्यांमध्ये गर्दीत वाढलेले असतात, प्रवाहात जागा धरून राहायचं त्यांना जमत नाही, नुसती ढकलाढकली होते, त्यात आधीचे मासे हलतात आणि नवे पण फार टिकत नाहीत. शेवटी १९७४ मध्ये मोंटानाने जिथे जंगली ट्राउट स्वतःचे स्वतः वाढू शकतात अशा नद्यांत मासे सोडणं बंदच केलं. लोक तेव्हा चिडलेच होते. आज त्याच नद्यांवर ट्राउटसाठी जगभरातून माणसं जातात.

अर्थात बंदिस्त तलाव, किंवा प्रदूषणाने मासे मेलेली नदी असेल तर सोडावेच लागतात, इंग्लंडमध्ये कॅल्व्हर्टनचं सरकारी फार्म त्यासाठीच मासे वाढवतं. पण ट्रकमधून मासे ओतताना फोटो छान येतो म्हणून त्यालाच काम समजू नका. तोच पैसा बंधाऱ्यावर माशांना वर चढायला वाट करून देण्यात घातला, तर ते काम एकदा होतं आणि पुढे मासे दरवर्षी स्वतःच वर जातात.

प्रश्न: मी धरलेला प्रत्येक मासा परत सोडते. एकही घरी नेत नाही, मग मला फी का? आणि स्कॉटलंडमध्ये लायसन्स नाहीच म्हणतात, तिथलं काही अडलंय का?

उत्तर: ताई, सोडता ते फार चांगलं करता, पण फी माशाच्या वजनाची नाहीये. परत सोडलेल्या माशाला जगायला जे पाणी लागतं त्याची आहे, आणि तुम्हाला तर तो मासा जिवंतच हवाय, म्हणजे तुमचा फायदा इतरांपेक्षा जास्तच आहे.

स्कॉटलंडचं ऐकलंत ते बरोबर, बॉर्डर एस्क नदीचा भाग सोडला तर तिथे रॉड लायसन्स लागत नाही. पण फुकट नाही, परवानगी घ्यावी लागते आणि नामांकित सॅमन नद्यांवर त्याचे पैसे चांगलेच मोजावे लागतात. नदीचं काम बघायला मंडळं असतात, तो खर्च बराचसा मासेमारीच्या हक्कांच्या मालकांकडून येतो. ज्याच्याकडे मोठी नदी आहे तिथे हे चालतं, साध्या कालव्यावर किंवा गावातल्या तलावावर बसणाऱ्याचं कोण बघणार हा माझा प्रश्न आहे, म्हणून मला सगळ्यांनी थोडं थोडं देण्याची पद्धत जास्त बरी वाटते.

प्रश्न: फीचा पैसा प्रदूषण साफ करायला वापरला तर ते योग्य आहे का?

उत्तर: नाही. सांडपाणी किंवा गोठ्याचं घाण पाणी नदीत ज्याने सोडलं त्याने भरावं. गळ टाकणाऱ्याच्या पैशातून तपासणी व्हावी, पुरावा गोळा व्हावा, मासे वाचवावेत, पण दुसऱ्याच्या घाणीचं बिल त्याच्यावर टाकू नये. फी वाढवताना हे कारण पुढे केलं तर तिथे ठाम विरोध करा.

प्रश्न: मेलेले मासे तरंगताना दिसले तर आम्ही काय करायचं? लायसन्स भरलंय म्हणून कुणी येईल का?

उत्तर: यावं, आणि बोलवायचा हक्क लायसन्स नसलेल्यालाही आहे. लगेच फोन करा, संध्याकाळपर्यंत थांबू नका, कारण घाण पाणी वाहून पुढे जातं आणि नमुना घ्यायला काही उरत नाही. इंग्लंडमध्ये यासाठी २४ तास चालणारा फोन नंबर आहे, तुम्ही असाल तिथला नंबर आधीच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. जागा नीट सांगा, पूल किंवा पाइपचं तोंड जवळ असेल तर ते सांगा, पाण्याचा रंग आणि वास सांगा, मासे मेलेत की अजून धापा टाकतायत तेही सांगा, त्यावरून ऑक्सिजनची यंत्रं आणायची की नाही ते ठरतं. फोटो काढा, पाण्यात हात घालू नका आणि मासे उचलून नेऊ नका. तक्रारीचा नंबर मागून घ्या, आणि काही दिवसांनी पुन्हा फोन करून विचारा, नमुन्यात काय निघालं.