वडिलांचा स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतापर्यंत पसरलाय, जळगावचे डॉक्टर चार औषधांची केमो म्हणतात. हा प्रयोग तर नाही ना?

नाही, हा प्रयोग नाही; चार औषधांची ही केमो (फोल्फिरिनॉक्स) चाचणीतून सिद्ध होऊन रूढ झाली आहे. फ्रान्समध्ये ३४२ रुग्णांवर ती जेमसिटाबिन या एकाच केमो औषधाशी ताडून पाहिली. २०११ च्या निकालात मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर गेलं. आजार मुळासकट जात नाही, पण या कॅन्सरमध्ये तेवढे महिने फार मोलाचे.

मात्र त्या चाचणीत ७५ वर्षांपर्यंतचे, हिंडते-फिरते रुग्णच घेतले होते. वडील बराच वेळ अंथरुणावर असतील किंवा कावीळ उतरली नसेल, तर सौम्य पर्याय डॉक्टरांना जरूर विचारा.

मी केमो वॉर्डात नर्स आहे, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते:
- ऑक्झॅलिप्लॅटिननंतर (या चारांपैकी एक औषध) काही दिवस गार पाणी घशाला टोचतं, बोटांना मुंग्या येतात. आपल्याकडच्या मे महिन्यातही माठातलं नको, कोमटच द्या.
- ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला की सकाळची वाट पाहू नका. केमोने संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. रावेर-यावलकडच्या गावात राहत असाल तर रात्रीच्या गाडीची सोय आधीच करून ठेवा.