हरिकेन ताशी २०० किलोमीटर वेगाने 'येतं' का?

प्रश्न असा आहे: "बातमीत वाचलं, 'हरिकेन ताशी २०० किमी वेगाने किनाऱ्याकडे येत असून परवा धडकेल.' किनारा तर ५०० किलोमीटरवरच होता. मग अडीच तासांत का नाही पोचणार? आणि हरिकेनला मराठीत चक्रीवादळ म्हणावं की तुफान?"

दुसरा भाग आधी घेतो. चक्रीवादळच म्हणावं. हरिकेन, टायफून, सायक्लोन ही प्रकृतीने एकाच वादळाची नावं आहेत, फरक फक्त समुद्राचा. अटलांटिक आणि पूर्व प्रशांत महासागरात हरिकेन, वायव्य प्रशांतात टायफून, हिंदी महासागरात सायक्लोन. १९९४ साली 'जॉन' नावाचं हरिकेन प्रशांत महासागरात १८० अंश रेखावृत्त ओलांडून पश्चिमेला गेलं आणि टायफून झालं. पुन्हा पूर्वेला वळलं तेव्हा परत हरिकेन. वादळ तेच, नाव मात्र दोनदा बदललं. एक अट मात्र आहे. हरिकेन म्हणायला वाऱ्याचा सलग वेग ताशी ११९ किमी किंवा त्याहून जास्त लागतो; आपला चक्रीवादळ हा शब्द त्याहून सौम्य वादळांनाही चालतो. म्हणून भाषांतर करताना 'तीव्र' किंवा 'अतितीव्र' जोडायचं की नाही, हे वेग बघून ठरवावं.

'तुफान' अरबी-फारसीतून आलेला देखणा शब्द आहे, पण मराठीत तो फार सैल झाला. तुफान गर्दी, तुफान पाऊस, तुफान गाजणं. वादळाची इशारासूचना देताना असा शब्द उपयोगाचा नाही. 'वावटळ' तर धुळीचा छोटासा भोवरा, काही मिनिटांत विरून जाणारा.

सायक्लोन हा शब्द घडवला हेन्री पिडिंग्टन यांनी, कलकत्त्यात. खलाशांसाठी लिहिलेल्या १८४८ च्या पुस्तकात त्यांनी तो वापरला. ज्या ग्रीक शब्दावरून तो घेतला, त्याचा एक अर्थ सापाचं वेटोळं. मला ही प्रतिमा 'चक्रीवादळा'तल्या चाकापेक्षा जास्त नेमकी वाटते. चाकाचा प्रत्येक बिंदू आसापासून तेवढ्याच अंतरावर राहतो. वादळातला वारा तसा राहत नाही, फिरता फिरता आत ओढला जातो.

ओढतं कोण? साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम समुद्र. तिथली वाफ वर जाते, थंड होऊन तिचे ढग होतात, आणि पाणी वाफ होताना घेतलेली उष्णता ती हवेला परत देते. हवा तापून आणखी वर चढते, खाली दाब उतरतो आणि चहूबाजूंनी वारे धावत येतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात हे वारे आपल्या उजवीकडे वळतात. सगळेच उजवीकडे सरकल्यामुळे केंद्र प्रत्येकाच्या डाव्या हाताला राहतं, आणि वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे वळण मिळत नाही, म्हणून समुद्र कितीही गरम असला तरी तिथे चक्रीवादळ सहसा जन्मत नाही.

आता मूळ शंका. बातमीतले २०० किमी हा वेटोळ्यात फिरणाऱ्या वाऱ्यांचा वेग आहे. संपूर्ण वादळ पुढे सरकतं ते आजूबाजूच्या मोठ्या वायुप्रवाहांबरोबर, उष्ण कटिबंधात बहुधा ताशी १५ ते २५ किलोमीटरने. म्हणजे ५०० किलोमीटरला साधारण एक दिवस किंवा त्याहून जास्त. 'परवा' बरोबर होतं, वाक्य चुकलं होतं. 'वादळाचा वेग' असं मोघम लिहिलं की दोन्ही गती एकत्र होतात. 'वादळातील वाऱ्यांचा वेग' आणि 'वादळाचा पुढे सरकण्याचा वेग' असं वेगळं लिहावं. चार शब्द वाढतील, वाढू द्यावेत.

दोन्ही आकडे वेगळे कळायला हवेत, कारण त्यांचे परिणाम वेगळे. २०१९ मध्ये 'डोरियन' हरिकेन ताशी जवळपास ३०० किमी वाऱ्यांनिशी बहामा बेटांवर आलं आणि ग्रँड बहामावर चालत्या माणसापेक्षाही हळू सरकत एक दिवसाहून अधिक काळ बसून राहिलं. २०१७ च्या 'हार्वे'नेही टेक्सासमध्ये असाच मुक्काम केला; तिथे काही ठिकाणी १५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. उलट १९३८ चं न्यू इंग्लंडचं हरिकेन ताशी ७० किलोमीटरहून अधिक वेगाने सरकत आलं आणि लोकांना सावरायलाच वेळ मिळाला नाही. उत्तर गोलार्धात तर वादळाच्या वाटचालीच्या उजव्या अंगाला दोन्ही गतींची बेरीज होते, तिथला वारा सगळ्यांत भयंकर.

जाता जाता 'धडकणं' या क्रियापदाबद्दल. हवामानशास्त्रात वादळ धडकलं म्हणजे त्याचं केंद्र किनारा ओलांडून जमिनीवर आलं. वारा-पाऊस त्याच्या कितीतरी तास आधी सुरू झालेला असतो, म्हणून 'अजून धडकलेलं नाही' याचा अर्थ 'अजून वेळ आहे' असा घेऊ नये. केंद्रातला डोळा बहुधा ३० ते ६५ किलोमीटर रुंद असतो. तो डोक्यावरून जाताना वारा पडतो, कधी आकाशही निवळतं, आणि मग डोळ्याभोवतीच्या दाट ढगांची दुसऱ्या बाजूची भिंत येऊन उलट दिशेचा वारा तेवढ्याच जोराने सुरू होतो. 'वादळ ओसरलं' हे शब्द त्या भिंतीनंतरच वापरावेत.